पन्हाळ्याची एक फाइल आणि ‘लेस’: मजकूर नुसता वाचण्याचा इतिहास

१.
गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्यावरच्या एका निवृत्त गुरुजींनी माझ्या हाती एक पेनड्राइव्ह ठेवला. त्यात गडावरच्या जागांच्या जुन्या नावांची टिपणे होती. सज्जाकोठी, अंधारबाव, तीन दरवाजा ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. गुरुजींनी त्यांच्या आसपासच्या उंचवट्यांची, टाक्यांची, पायवाटांची नावे म्हाताऱ्या माणसांकडून गोळा केली होती. ती माणसे आता हयात नाहीत, आणि मूळ वह्या एका पावसात भिजून गेल्या.

२.
पेनड्राइव्हवर दोन फाइली होत्या. पहिली १९९८ साली कोल्हापुरातल्या एका डीटीपी केंद्रात टंकून घेतलेली, पूर्ण. दुसरी गुरुजींच्या नातीने मोबाइलवर टंकलेली. तीच टिपणे, पण वह्या जाण्यापूर्वी जेमतेम चौथा भाग झालेली. दुसरी कुठेही वाचता येत होती. पहिली उघडत होती, मात्र तिच्यात मराठीचे एक अक्षरही दिसत नव्हते. हा धागा त्या फाइलीचा आहे, आणि ती जिच्यामुळे वाचता आली त्या ‘लेस’ नावाच्या साध्या आज्ञावलीचाही.

३.
‘लेस’चे काम एका वाक्यात सांगता येते: फाइलीतला मजकूर पडद्यावर, पडद्यात मावेल तेवढा, दाखवणे. संगणकाच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे चित्रे आणि बटणे नसलेल्या, केवळ अक्षरांच्या खिडकीत, ‘लेस’ हा शब्द, मग एक मोकळी जागा आणि मग फाइलीचे नाव लिहायचे. मजकूर समोर येतो. फॉन्ट निवडता येत नाही, रंग देता येत नाही, खाडाखोड करता येत नाही. ही उणीव वाटेल. तीच तिची थोरवी कशी, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

४.
१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीचा पाया घातला. त्या काळी संगणकाशी बोलण्याचे यंत्र म्हणजे टेलिटाइप. त्याला पडदा नव्हता. उत्तर कागदाच्या अखंड गुंडाळीवर छापून येई. वेग सेकंदाला दहा अक्षरांचा. फाइल वाचण्यासाठी ‘कॅट’ ही आज्ञा होती, आणि ती सारा मजकूर एका दमात ओतून मोकळी होई. कागद मात्र हातात उरे. मागचे पाहायचे तर गुंडाळी वर ओढायची.

५.
मग काचेचा पडदा आला. पुढे ज्याची सवय जडली त्या मापाचा, म्हणजे २४ ओळी आणि दर ओळीत ८० अक्षरे. (हा ८०चा आकडा आयबीएमच्या १९२८च्या छिद्रपत्रांपासून चालत आलेला.) एवढा पडदाभर मजकूर छापायला टेलिटाइपला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, पडद्यावर तो काही क्षणांत येऊ लागला. नवी अडचण अशी की पंचविसावी ओळ आली की पहिली वरून नाहीशी होई. कागद नव्हता, म्हणून मागेही जाता येईना. यंत्र धावू लागले आणि वाचणारा मागे पडला.

६.
१९७८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॅनियल हॅल्बर्ट या विद्यार्थ्याने यावर उपाय लिहिला. पडदा भरला की थांबायचे, तळाशी ‘मोअर’, म्हणजे ‘अजून आहे’, असा शब्द दाखवायचा आणि वाचकाने कळ दाबेपर्यंत वाट पाहायची. तोच शब्द आज्ञेचे नाव झाला. वाचनाची गती यंत्राने नव्हे, वाचकाने ठरवायची, हा त्यातला खरा विचार. उणीव एकच होती: ही आज्ञा पुढे नेई, मागे आणत नसे.

७.
ती उणीव मार्क नुडेलमन यांनी १९८३ ते १९८५ या काळात भरून काढली. मागे-पुढे दोन्हीकडे जाऊ शकणाऱ्या आपल्या आज्ञावलीला त्यांनी गमतीने ‘लेस’ म्हटले. ‘मोअर’ म्हणजे अधिक, ‘लेस’ म्हणजे उणे. आणि उणे तेच अधिक. आज लिनक्सच्या बहुतेक संगणकांत आणि ॲपलच्या मॅकमध्ये ती आधीपासूनच असते. सुरू होण्यासाठी तिला सारी फाइल आधी वाचून घ्यावी लागत नाही, त्यामुळे प्रचंड फाइलही ती तत्काळ उघडते.

८.
वापर शिकायला पाच मिनिटे पुरतात. स्पेसबार दाबला की पुढचे पान, ‘बी’ दाबला की मागचे. बाणाच्या कळीने एकेक ओळ. लहान ‘जी’ने आरंभी, मोठ्या ‘जी’ने शेवटी. तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दाबून शब्द लिहिला आणि एंटर दिले की तो शब्द जिथे असेल तिथे नजर पोहोचते. ‘एन’ दाबत गेले की पुढचे पुढचे उल्लेख सापडतात. ‘क्यू’ दाबले की बाहेर.

९.
मराठी वाचकासाठी एक इशारा. इन्स्क्रिप्ट कळफलक सुरू असेल तर ‘क्यू’च्या कळीतून ‘क्यू’ निघत नाही, औकाराची मात्रा निघते, आणि ‘लेस’ला ती कळत नाही. नवशिका मग कळा बडवत बसतो. अशा वेळी आधी कळफलक इंग्रजीवर आणावा. या वेढ्यातून निसटण्याची राजदिंडी तीच.

१०.
आता आपल्याकडे वळू. पडद्यात मावत नाही एवढा मजकूर थोडा थोडा करून वाचणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नव्हती. मोडी कागदपत्रांत लांब मजकुरासाठी कागदाला कागद चिकटवत नेत आणि तयार झालेली पट्टी गुंडाळून ठेवीत. वाचणारा एका हाताने उलगडी, दुसऱ्याने गुंडाळी. एका वेळी डोळ्यांसमोर हातभर मजकूर. ‘लेस’मधला खाली जाणारा बाण हेच करतो.

११.
दुसरी पद्धत पोथीची. सुटी, आडवी पाने. एक वाचून झाले की उलटून बाजूला. १७२९ साली पन्हाळ्यावरच जन्मलेले कविवर्य मोरोपंत पुढे बारामतीस स्थिरावले, आणि त्यांचे आर्याभारत, त्यांची रामायणे महाराष्ट्राने मुद्रणाच्या आधी कितीतरी वर्षे अशीच पानापानाने वाचली. स्पेसबार म्हणजे पोथीचे पान उलटणे. गुंडाळी आणि पोथी, या दोन्ही सवयी त्या एका आज्ञावलीत शेजारी शेजारी नांदतात.

१२.
तिसरे साम्य मला सर्वांत मोलाचे वाटते. शिवछत्रपतींच्या पत्रांत आरंभी मुद्रा असे आणि मजकूर संपला की लहान मोर्तब: ‘मर्यादेयं विराजते’. अर्थ असा की येथे मर्यादा झाली, पत्र येथे संपले. याखाली कोणी काही लिहिले तर ते आमचे नव्हे. पुढे पेशवाईत ‘लेखनसीमा’ आली. कागदांच्या सांध्यांवरही शिक्का उमटवीत, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये.

१३.
‘लेस’ही फाइल संपली की तळाशी, उलट्या रंगात, ‘एंड’ असे दाखवते. त्याला शिक्क्याचा अधिकार नाही. आधी केलेली लबाडी ते ओळखू शकत नाही. पण मोर्तबामागची काळजी येथेही आहे. वाचणाऱ्याला कळले पाहिजे की मजकूर कुठे संपला, आणि वाचताना आपल्या हातून त्यात काही मिसळले गेले नाही. संपादनाच्या आज्ञावलीत एक चुकीची कळ मजकूर बदलून जाते. ‘लेस’मध्ये, मुद्दाम संपादक बोलावल्याशिवाय, फाइलीला धक्का लागत नाही.

१४.
इतिहासाच्या अभ्यासात हा भेद फार जुना आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत होते, आणि १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड छापला. कथा रचण्याआधी अस्सल कागद जसाच्या तसा लोकांपुढे ठेवावा, हा त्यांचा आग्रह. आधी पाहावे, मग बोलावे. नुसते पाहू देणाऱ्या साधनाचे मोल त्या परंपरेला समजावून सांगावे लागत नाही.

१५.
आता त्या पहिल्या फाइलीकडे. ती ‘लेस’मध्ये उघडली तेव्हा रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, स्वल्पविराम यांची रांग दिसली. फाइल बिघडली होती का? नाही. ती १९९८ साली होती तशीच होती. ‘लेस’ फाइलीत जे आहे तेच दाखवत होते. प्रश्न असा की मराठी टंकलेल्या फाइलीत रोमन अक्षरे आली कुठून?

१६.
संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे हा करार असतो. अमेरिकेचा ‘आस्की’ हा करार १९६३चा. त्यात १२८ जागा, आणि त्या रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे यांतच संपल्या. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा करार झाला. १९९१ साली तो भारतीय मानक ठरला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सीडॅक’ने त्यावर मोठे काम केले. ‘युनिकोड’च्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे.

१७.
पण छपाईच्या धंद्याला करारासाठी थांबायला सवड नव्हती. त्याने सोपी युक्ती काढली. आकडा रोमन अक्षराचाच ठेवायचा, फॉन्टमध्ये मात्र त्या अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवायचे. ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ आणि ‘श्री-लिपी’च्या घराण्यातले अनेक फॉन्ट या मार्गाने मराठीत रुजले. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके, प्रबंध, गावोगावची स्मरणिका, हे सारे त्यांतून छापले गेले. त्या युक्तीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तिच्यामुळेच मराठी छपाई संगणकावर आली.

१८.
किंमत पुढे मोजावी लागली. अशा फाइलीत मराठी नसतेच. मराठीचे चित्र कसे काढावे याच्या सूचना असतात. आणि प्रत्येक फॉन्टच्या सूचना निराळ्या. फॉन्ट हरवला, किंवा कोणता होता हे विसरले, की मजकूर मुका. गुरुजींची फाइल पेजमेकरमधून साध्या टेक्स्टच्या रूपात काढून ठेवलेली होती. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचे नाव राहत नाही. डीटीपी केंद्रही कधीच बंद झाले होते.

१९.
येथे मोडीची आठवण होणे अटळ आहे. शतकानुशतके मराठी राज्यकारभार मोडीत चालला. छपाईने बाळबोध वळण उचलले, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही उठली, आणि आज कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारातला रुमाल सोडला तर बहुतेक मराठी माणसांना आपल्याच पणजोबांचे पत्र वाचता येत नाही. मोडी विसरायला आपल्याला काही पिढ्या लागल्या. १९९८ची फाइल मुकी व्हायला वीस वर्षेही लागली नाहीत.

२०.
मोडीचा कागद निदान अक्षर तरी दाखवतो. लेखणी न उचलता लिहिलेली, शब्दांत जागा न सोडलेली ओळ जाणकार आजही वाचतो. मुकी फाइल कोणाला दाखवायची? सुदैवाने गुरुजींकडे पहिल्या पानाची छापील प्रत उरली होती. तीत मथळा होता आणि एक परिच्छेद. तेवढ्यावर काम सुरू झाले.

२१.
पद्धत लिपी उलगडण्याची जुनीच. छापील परिच्छेदात ‘पन्हाळा’ हा शब्द चारदा होता. फाइलीच्या आरंभी रोमन चिन्हांचा एक विशिष्ट गुच्छ तितक्याच वेळा, तितक्याच अंतराने येत होता. ‘लेस’मध्ये स्लॅश दाबून तो गुच्छ शोधला. साऱ्या फाइलभर तो उजळून निघाला. मुक्या मजकुरात पहिला शब्द ओळखू आला, आणि तो गडाचे नाव होता.

२२.
त्या एका शब्दातून प, अर्धा न, ह, काना, ळ यांची चिन्हे हाती आली. मग ‘दरवाजा’, मग ‘बुरूज’, मग ‘तळे’. दोन गोष्टींनी बराच वेळ घेतला. एक, प किंवा न यांसारखे अक्षर त्या फॉन्टमध्ये दोन तुकड्यांनी बनत होते, अर्धे अक्षर आणि उभा दंड. दोन, ऱ्हस्व इकाराची वेलांटी दिसते डावीकडे म्हणून फाइलीतही ती अक्षराच्या आधी साठवलेली होती. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. शंभराहून अधिक चिन्हांचा तक्ता झाला, तेव्हा सारी फाइल उलटवता आली.

२३.
उलटवलेली फाइल पुन्हा ‘लेस’मध्ये उघडली. माझ्या जुन्या संगणकावर आता तिसरेच दृश्य: कोनी कंसांत ‘ई-शून्य, ए-चार, ए-ए’ अशा जोड्या. हा मात्र फाइलीचा दोष नव्हता. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. ‘पन्हाळा’ डोळ्यांना तीन अक्षरे, युनिकोडला सात चिन्हे, फाइलीत एकवीस बाइट. (२०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या दर चिन्हाला चार.) ‘लेस’ला करार सांगितलेला नव्हता म्हणून ते कच्चे बाइट दाखवत होते. यूटीएफ-८ असल्याचे सांगताच मराठी उमटली.

२४.
टर्मिनलवरची देवनागरी अजूनही देखणी नसते. तिथे प्रत्येक चिन्हाला एक चौकोन, ही ८० रकान्यांची जुनी शिस्त. जोडाक्षरे तीत अवघडून बसतात, वेलांटी कधी शेजारच्या घरात जाते. वाचायला बसेल त्याने मजकूर नीट मांडणाऱ्या आज्ञावलीत वाचावा. पण मजकूर खरोखर मराठी आहे की मराठीचा मुखवटा, याची परीक्षा या साध्या खिडकीत जशी होते तशी सुंदर खिडकीत होत नाही.

२५.
याचे एक उदाहरण. १८४४ साली सामानगडापासून पन्हाळ्यापर्यंत गडकऱ्यांचा उठाव झाला. इंग्रजी तोफांनी पन्हाळा पाडून घेतला. गुरुजींच्या टिपणांत या उठावाच्या आठवणी होत्या. मी ‘गडकऱ्यांचा’ हा शब्द शोधला. माझ्या फाइलीत पाच ठिकाणी सापडला, नातीच्या फाइलीत एकदाही नाही. डोळ्यांना मात्र तो तिथेही दिसत होता.

२६.
कारण ‘ऱ्य’ लिहिण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. एकात टिंबाचा ऱ आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. ‘लेस’च्या अनेक आवृत्त्या हे अदृश्य चिन्ह लपवत नाहीत, त्याचा क्रमांक उजळ अक्षरांत लिहून दाखवतात. दिसायला विद्रूप, पण त्यामुळेच चूक सापडली. कऱ्हाड, वाऱ्यावर, गडकऱ्यांचा, जिथे जिथे ‘ऱ्’ तिथे ही पाहणी करावी.

२७.
पन्हाळ्याचा अभ्यास करणाऱ्याला एका नावाची अनेक रूपे नवी नाहीत. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळच्या लेखांत हा गड ‘प्रणालक’ आहे. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी तो घेतला, त्यावर जयराम पिंडे यांनी संस्कृतात ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ लिहिले. फारसी कागदांत ‘परनाला’ भेटतो, कंपनीच्या पत्रांत ‘पनेला’. ही भिन्न रूपे माणसांच्या तोंडून आली. त्यांत इतिहास आहे. ‘ऱ्य’ची दोन रूपे यंत्रांच्या गोंधळातून आली, त्यांत काही नाही. पहिली जपायची, दुसरी निस्तरायची. कोणती कोणत्या जातीची हे कळायला मजकूर आधी उघडा दिसला पाहिजे.

२८.
गुरुजींची पूर्ण फाइल आता साध्या टेक्स्टमध्ये, युनिकोडमध्ये आहे. तिच्या तीन प्रती तीन घरांत आहेत. मी ती त्यांना टर्मिनलमध्येच दाखवली. त्यांनी स्पेसबार दाबत दाबत सोमेश्वर तळ्याजवळच्या एका पाणवठ्याचे नाव गाठले आणि ते थांबले. हे नाव सांगणारी म्हातारी कोण होती, ते त्यांनी मला सांगितले. फाइलीत ते लिहिलेले नव्हते. नात शेजारी बसली होती. तिने ते वेगळ्या फाइलीत लिहून घेतले.

२९.
आपल्याही घरी अशी एखादी सीडी, पेनड्राइव्ह, जुना संगणक असेल. वडिलांचा प्रबंध, आजीच्या ओव्या, गावच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका. ती फाइल एकदा ‘लेस’मध्ये उघडून पाहा. मराठी दिसली तर दोन प्रती काढा. रोमन कचरा दिसला तर फाइल पुसू नका. त्याच मजकुराचे एक तरी छापील पान शोधा आणि फॉन्टचे नाव आठवणारा माणूस हयात असताना त्याला विचारा.

३०.
गुंडाळी असो, पोथी असो वा पडदा, मजकुराचे आयुष्य एका प्रश्नावर ठरते: विशेष उपकरण, विशेष फॉन्ट, विशेष माणूस यांच्याशिवाय तो वाचता येतो का? सर्वांत साध्या खिडकीत जो दिसतो, तो टिकण्याची आशा सर्वांत अधिक.

बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.